आधी त्यांचा घोट, मग माझी गंगा

आज घरी आलेल्या वस्तू: गंगेचा सीलबंद गडू एक, काशीहून, दक्षिणेसह रुपये तीन. रमची बाटली एक, मधुभावोजींच्या डॉक्टरी परमिटावर, रुपये सोळा. फुलस्केप कागद, दोन आणे. तिन्ही वस्तू ह्या मृत्युपत्रापायी आल्या, म्हणून नोंद आधी. देवाधर्माच्या घरात रम कशाला, ते पुढे येईल.

मी, उत्तरा वासुदेव टिपणीस, वय ५६, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, राहणार तलावपाळीजवळ, ठाणे, माझ्यामागे काय व्हावे ते स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी बसवून लिहवलेले नाही. डोके ठिकाणावर आहे. जीभ ठिकाणावर नाही, पण कायदा डोक्याचेच विचारतो.

१. मला मूलबाळ नाही. माझ्या मालकीच्या दोन खोल्या, पडवी व परसू माझी धाकटी जाऊ सुमती, मधुभावोजींची पत्नी, राहणार डोंबिवली, हिला देते. मात्र अट आहे. ती कलम ५ मध्ये. अट पाळली नाही तर जागा गल्लीतल्या विठोबाच्या देवळाला जावी.

२. पोस्टातल्या शिल्लकेतून माझे दिवस करावेत. घाटावर पंक्ती उठवू नयेत. उरेल ते पाणी भरणाऱ्या रखमाबाईला. तिने मला तीर्थ थुंकताना पाहिले आणि चार घरी सांगितले नाही.

३. सासूबाईंच्या पाटल्या वाटणीत सुमतीने उचलल्या. थोरली सून मी होते. तरी त्या तिच्याच राहोत. पाटल्यांचा राग मी येथे सोडते.

४. यजमानांचा काचेचा छोटा पेला व पितळी पिकदाणी. ह्या वस्तू समजण्यासाठी थोडे सांगणे भाग आहे.

आमचे यजमान फोर्टातल्या एका विलायती दारूच्या पेढीत नमुने चाखण्याच्या कामावर होते. घोट तोंडात घ्यायचा, घोळवायचा, पिकदाणीत टाकायचा, चव लिहायची. नोकरी लागली त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "वासुदेवा, पगार घरात आण, पण घोट पोटात गेला तर माझ्या गळ्याची शपथ."

हे म्हणाले, "आई, गिळण्याचे पैसे पेढी देत नाही. चाखण्याचेच देते."

हसून म्हणाले, पण शपथ पाळली. घरी जेवताना मला सगळे नमुने सांगत, आणि मला कळावे म्हणून माझ्याच स्वयंपाकघरातल्या भाषेत. क्यूबाची पांढरी रम म्हणजे शहाळ्याच्या पाण्यात कोणी निखारा विझवला आहे. जमैकाची काळी म्हणजे फार पिकलेले केळे, आणि गुळाचा पाक करपायच्या आधीचा क्षण. डेमेराराची म्हणजे काकवी, तिला ओल्या लाकडाचा धूर. आपल्या लष्करातली गोडसर, शेवटी लवंग. मी विचारी, "ह्यातली चांगली कुठली?" ते म्हणत, "तोंडाला कळते तेवढे सांगितले. खरा निकाल घशाखाली असतो."

दारूबंदी आली, पेढी बंद झाली, आणि पुढच्या वर्षी तेही गेले. सासूबाई त्यांच्या आधीच गेल्या होत्या, त्यामुळे शपथ सोडवायला कोणी उरले नव्हते. हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आले नाही.

दहाव्याला खाडीवर पिंडाला कावळा शिवेना. भावोजी म्हणाले, "दादा, वहिनीला मी सांभाळीन." कावळा नाही. मी म्हटले, "जागा विकणार नाही." कावळा नाही. मिठागरावरचा धाकू म्हणाला, "वयनी, म्हाताऱ्याचा जीव बाटलीत असंल," आणि त्याने हातभट्टीची द्रोणात ओतली. कावळ्याने मान फिरवली. तेव्हा भावोजींनी कोटातून औषधाची शीशी काढली. रम होती. दुसऱ्या द्रोणात ओतली.

सुमती मागून म्हणाली, "सोडा नाही घातला, म्हणून रुसले असतील."

कावळा उतरला. रमेत चोच बुडवली, मान वर केली, डावीकडे कलती धरली. हे अशीच धरीत. सगळे खाली बघत होते. मी त्याच्याकडे बघत होते. मग त्याने तो घोट बाजूच्या वाळूत टाकला आणि पिंडाला चोच लावली. लोक "सुटला, सुटला" म्हणत उठले. मला कळले होते की सुटलेला नाही. त्याने गिळले नव्हते.

तेव्हापासून दिवेलागणीला माझ्या जिभेवर चव येते. मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. आधी शहाळे आणि निखारा आला. मग करपता गूळ. मग काकवी आणि धूर. चव तोंडभर फिरते, घसा मिटतो, आणि थुंकल्याशिवाय उघडत नाही. पहिल्यांदा संध्याकाळपुरते होते. आता देवाचे तीर्थ घेतले तरी तोंड ते घोळवते आणि टाकते. पाणी, चहा उतरतात. मंत्र म्हणून दिलेलेच उतरत नाही.

वर्षश्राद्धाला मी म्हटले, "सासूबाईंच्या जागी थोरली सून मी. शपथ सुटली." घसा तसाच मिटला. गुरुजींनी सांगितले, "बाई, ज्या तोंडात ते आहेत त्याच तोंडाने कसे सोडवाल? दुसऱ्या सुनेने सोडवावे." दुसरी सून एकच आहे.

५. म्हणून अट. माझा शेवट जवळ आला की सुमतीने बाटली उघडावी. यजमानांच्या पेल्यात ओतून चमचाभर माझ्या ओठांना लावावी आणि मोठ्याने म्हणावे, "दादा, सासूबाईंची शपथ सुटली. गिळा." माझा घसा हललेला नीट पाहावा. मगच गंगा द्यावी. घाईने गंगा आधी दिली तर ती माझ्या तोंडातून बाहेर येईल, आणि मी तशीच जाईन. लोक नावे ठेवतील, ठेवू द्यावीत. नंतर पेला व पिकदाणी खाडीत सोडावी. मोडीत घालू नये.

सोड्यावरून हसलीस तेही माफ केले, सुमती. पण त्या वेळी हसू नकोस.

साक्षीदार धाकू म्हणाला, "सही करतंय वयनी, पन आत काय लिवलंय ते वाचू नको." वाचले नाही.

सही: उत्तरा वासुदेव टिपणीस
साक्षीदार: १. धाकू पोपट पाटील, कळवा. २. तानाजी दौलत मोरे, माजिवडा.
ठाणे, ता. १४ नोव्हेंबर १९५६.

ता. क. नक्कल सुमतीस डोंबिवलीस टपालाने पाठवीत आहे. बाटली कपाटात आहे, सील शाबूत. तरी सही करताना जिभेवर गोडवा आला, शेवटी लवंग, आणि मी न बोलता माझ्या तोंडून निघाले, "ही चालेल." पुढे घसा मिटला. तेव्हा सुमती, तू येणार की नाही, ते उलट टपाली कळव.