बिनतेलाचं पेट्रोल

जळोची, बारामती
२ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. संजू हिला दादाचा आशीर्वाद.

आम्ही इकडं बरे आहोत. उसाला अजून तोड नाही, टोळी येते येते म्हणतीय. कळंबला दाजींचा गुडघा कसा आहे? पत्र बघून हसशील. पण फोन लावला की तू "बोल की दादा" म्हणतीस आणि मी उसावर नाहीतर पावसावर घसरतो. म्हणून कागद घेतला.

आबांची राजदूत कळसच्या आपल्या जुन्या गोठ्यातून आणली होती, ती बांधून झाली. आधी तिला हल्लीच्या पोरांसारखी करायची होती. रुंद हॅण्डल, बुटकी सीट, काळा रंग. दुधाच्या किटल्या अडकवायचे हूकसुद्धा कापून टाकले. परवा ते परत वेल्डिंग करून घेतले. दुरुस्त झाल्यावरही, काही बिघाड नसताना तीन वेळा इंजिन उतरवलं. तुझी वहिनी म्हणाली, "गाडी बांधताय का उसवताय?" तिला काय सांगू. हात गप्प बसत नाहीत माझे.

भाऊबीजेला ओवाळताना तू विचारलंस, "दादा, राजदूत सुरू झाली का रं?" तुझं ते वाकडं मनगट ताटाखाली होतं. मी पेढा तोंडात टाकला आणि बॅटरीचं कारण सांगितलं. बॅटरीला काही झालेलं नाही.

कालव्याच्या पुलावर चालती गाडी अडकून तू पडलीस, त्या दिवसापासून ते इंजिन जाम होतं. आबांनी ते कुणाला उघडू दिलं नाही. मी डिझेल ओतून चार दिवस भिजवलं आणि लाकडी ठोकळ्यानं ठोकून पिस्टन काढला. त्याच्यावर सगळे उभे ओरखडे. कुठलाही मिस्त्री बघून सांगेल, राजदूतला पेट्रोलात तेल मिसळावंच लागतं, ते मिसळलेलं नव्हतं.

आबाही तेच म्हणाले होते. "तेल घालायचं इसरलीस. पोरीच्या हातात गाडी दिली, चूक माझीच हाय." मनगट धरून तू एकच सांगत होतीस, "दर बारीला मापानं घालते की ओ मी."

तू घालायचीस. त्या खेपेचं पेट्रोल मी भरलं होतं, संजू.

आदल्या दिवशी कुणाला न विचारता गाडी घेऊन मी इंदापूरला कुस्त्या बघायला गेलो. येताना पंपावर पेट्रोल टाकलं. तेलाचं माप घरी, तुझ्याजवळ. म्हटलं, कोण त्या तेलापायी खोळंबतंय. टाकीतल्या जुन्या मिश्रणावर गाडी घरापर्यंत आली, मी गोठ्यात लावली. सकाळी तू दूध घालून तशीच कॉलेजला निघालीस.

आबा तुला बोलत होते तेव्हा मी दारातच होतो. तोंड उघडलं नाही. गाडी बंद झाली, तिच्यामागं तुझं कॉलेज, आणि मे महिन्यात लग्न. नर्सिंगचा फॉर्म तू आणून ठेवला होतास, तो मी बघितला होता. पहिल्या दिवशी मला आबांची भीती वाटली. नंतर सत्तावीस वर्षं लाज वाटली. आबा गेले तेव्हा त्यांच्या पायाशी बसून तू म्हणत होतीस, "माझ्यापायी गाडी गेली तुमची." मी ऐकलं आणि तिरडीची सुतळी बांधत राहिलो.

आता नवा पिस्टन बसवलाय, टाकीला तोच निळा रंग दिलाय. किक अजून मारलेली नाही. टाकी कोरडी आहे. तुझं ते पत्र्याचं माप गोठ्याच्या वळचणीला सापडलं, घासून ठेवलंय. यावंसं वाटलं तर ये, तुझ्या हातानं तेल घाल आणि गाडी घेऊन जा. नाही वाटलं तर उभी राहील, मी हात लावणार नाही.

हे पत्र दाजींना आणि पोरांना वाचून दाखव. आबांना सांगायचं राहून गेलं, ह्यांना तरी कळू दे.

वर सवयीनं आशीर्वाद लिहिलाय. तो खोडून तिथं नमस्कार वाच.

मानसिंग