मला न येणारा वास

१२ नोव्हेंबर २०२४

आज पुन्हा भाकरी नाही! सकाळी दोन अंडी, दुपारी पनीर आणि कोबी, आता परत कोबी. सईचा पुण्याहून व्हिडिओ कॉल — लेकीनं आधी माझं ताट बघितलं, मग माझं तोंड. 'आई, शाब्बास! तीन किलो उतरले ना? अजून दोन महिने. भात-भाकरी बंद म्हणजे बंद.'

साखर १२८. मधुमेह होऊन सहा वर्षं झाली, इतका शहाणा आकडा कधी आला नव्हता. ऑक्टोबरात डॉक्टरांनी नवी गोळी दिली आहे — लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी. गुण गोळीचा की कोबीचा, देव जाणे. कोबीचं डॉक्टरांना सांगायचं राहूनच गेलं.

सई म्हणते, याला केटोसिस म्हणतात, अंगातली चरबी जळते. मला सांगते! चौतीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात तेच तर बघितलं. म्हटलं, अगं, आमच्याकडे केटोसिस झालेली गाय दूध आटवून, मान टाकून उभी राहायची. तर म्हणे, 'आई, ते वाईट केटोसिस. हे चांगलं असतं.' बरं बाई.

१३ नोव्हेंबर

स्वप्नात बाजरीची भाकरी आली. लोणी लावलेली!

१७ नोव्हेंबर

बसल्या बसल्या आटपाडीकडचं आठवत राहतं. हल्ली फारच.

१९८६. नोकरीचं पहिलं गाव. वय चोवीस. वाईच्या घाटावर वाढलेली मी, आणि समोर नुसता माळ! पत्र्याचा दोन खोल्यांचा दवाखाना, बाहेर जनावर अडकवायचा लोखंडी खोडा. पहिले पंधरा दिवस कुणी शेळीसुद्धा आणली नाही. बाईमाणूस काय इलाज करणार! सोळाव्या दिवशी बयाबाई आली. चाळिशीची धनगरीण, खांद्यावर गाभण मेंढी — एवढं ओझं घेऊन दोन कोस चालत आलेली, आणि धाप नाही.

'आवं डाक्टरीणबाई, हिच्या पोटात दोन हायती. काय खाईना. त्वांडाला ग्वाड वास मारतुया.'

मला पुस्तकातलं सगळं पाठ होतं. शेवटचा महिना, पोटात जुळी, वर चारा कमी — मेंढी स्वतःची चरबी जाळायला लागते, रक्तात आम्ल साठतं, श्वासाला पिकल्या फळासारखा वास येतो. मेंढीच्या तोंडाला नाक लावलं. काही नाही. पुन्हा लावलं. काही नाही! बयाबाई बघतच राहिली. 'कसा येत न्हाई? सडल्या पेरवागत येतुया की!'

पुढं कळलं, काही माणसांना हा वास येतच नाही. मी त्यातली.

मग मी आपली खलात तपासणीच्या रसायनांची पूड घोटायची, त्यावर लघवीचे दोन थेंब टाकायचे. जांभळा रंग आला की रोग पक्का. पण बयाबाईचं नाक माझ्या पुडीच्या आधी सांगायचं, आणि एकदाही चुकलं नाही. मी सलाईन लावेपर्यंत ती मेंढीला गुळाचं पाणी पाजून मोकळी! काम संपलं की माळावर दोघी बसायचो. ती लोकर निवडायची, मी तिच्या भाकरीचा तुकडा मोडायची. वाऱ्याला ओल्या घोंगड्याचा वास — तो मात्र मला यायचा. अजून येतो, डोळे मिटले की.

धनगरवाड्यावरची माणसं मला 'आमची बाई' म्हणायला लागली ती तिच्यामुळं. तीन वर्षं काढली तिथं. आयुष्यातली सगळ्यात सुखाची. एक दिवस सोडून.

२१ नोव्हेंबर

तीन दिवस मळमळतंय. पोटात दुखतं. जिना चढले तर धाप. साखर १४६. सईला सांगितलं. 'साखर तर मस्त आहे, आई! पाणी जास्त पी.' आहे खरी मस्त. साखर चारशे-पाचशेवर गेली की घाबरायचं, एवढं मलाही कळतं. पित्तच असणार.

२२ नोव्हेंबर

दोन उलट्या. जेवण नको. गोळी मात्र घेतली.

२३ नोव्हेंबर

बिरदेवचा फोन. बयाबाईचा थोरला. दरवर्षी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन इकडं उतरतो आणि साताऱ्यात मला भेटून जातो. यंदा कोरेगावच्या अलीकडं मेंढरं बसवली आहेत. 'म्हातारी टेंपूत बसून आलीया. तुमास्नी बघायचं म्हंतीया. उद्या आणू का?'

नको म्हणणार होते. अंगात त्राण नाही — पण कारण ते नव्हे. कारण मनू.

मनू म्हणजे बयाबाईची मधली मुलगी. बारा वर्षांची. १९८७ च्या हिवाळ्यात महिन्याभरात वाळून काडी झाली. घागरीला तोंड लावून पाणी प्यायची. बयाबाई तिला दवाखान्यात घेऊन आली. म्हणाली, 'हिच्या बी त्वांडाला तसलाच वास येतुया, बाई.' आणि मी म्हणाले, मेंढीचा आजार माणसाला होत नाही.

वास मला येणार नव्हता. पण पूड होती! जांभळा रंग माणसाच्याही लघवीनं आला असता. सुचलंच नाही. सुचवून घेतलं नाही. चौथ्या दिवशी पोर गेली.

लहान मुलांचा मधुमेह. इन्सुलिन मिळालं असतं तर आज पन्नाशीजवळ असती. मला हे दोन वर्षांनी, बदली झाल्यावर, एका पुस्तकात वाचून उमगलं. कुणाला सांगितलं नाही — सईच्या बाबांनासुद्धा नाही. बयाबाईची पुन्हा भेट नाही. बिरदेव यायचा, मी तिची खुशाली विचारायची, एवढंच.

'आण' म्हटलं.

२९ नोव्हेंबर

दवाखान्यातून लिहिते आहे. सुई टोचून टोचून हात निळा, अक्षर वाकडं. पण लिहायलाच हवं.

२४ला सकाळी अकराच्या सुमाराला मायलेक आले. मला खुर्चीतून उठवेना. श्वास एवढा जोरात चालला होता, जसं काही कुठून पळत आले. बयाबाई आता अठ्ठ्याहत्तरची. कमरेत वाकलेली, डोळ्यांत मोतीबिंदू. चाचपत चाचपत आली, 'माजी बाई गं!' म्हणाली आणि माझ्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडायला गेली. हात तिथंच थांबले. पुन्हा जवळ आली. अगदी जवळ. हुंगलं.

'बिरू, टेंपू काढ.'

'आगं, च्या तरी—'

'काढ म्हंते न्हवं! बाईच्या त्वांडाला वास हाय. मेंढीचा!'

मी काहीतरी पुटपुटले, साखर चांगली आहे म्हणून. कोण ऐकतंय! बिरदेवनं उचलून टेंपोत ठेवलं. डोकं बयाबाईच्या मांडीवर. रस्ताभर ती एकच बोलत होती — 'निजू नगा, बाई. निजायचं न्हाई.'

दवाखान्यातला डॉक्टर तिशीचा असेल. साखर बघितली, १७४. 'काही विशेष नाही, पोट बिघडलंय. सलाईन लावू या.' मला बोलायला दम नव्हता. बयाबाईनं त्याची बाहीच धरली. 'आरं लेकरा, साकर नगं बगूस. वास घे, वास!'

तो हसला नाही. वाकून माझ्या तोंडाशी आला. चेहराच बदलला त्याचा. 'मधुमेहाची कुठली गोळी घेता? आणि जेवता काय?'

'कोबी,' मी म्हणाले.

पुढचं धूसर. यंत्रांचे आवाज, थंडी, मधेच बयाबाईचा खरखरीत हात. शुद्धीवर आल्यावर त्यानं नीट समजावलं. ही गोळी आणि वर भात-भाकरी बंद — दोन्ही एकत्र आलं की कधीकधी साखर फारशी न चढताही रक्त आम्ल होतं. क्वचित होतं, पण होतं. आणि साखरेचा आकडा बघून सगळे निर्धास्त राहतात. आणखी पाच-सहा तास गेले असते तर... एका नळीतून इन्सुलिन आणि दुसरीतून ग्लुकोज! मधुमेहाच्या बाईला ग्लुकोज. पण तेच औषध. मेंढीला तरी आम्ही दुसरं काय देत होतो?

२ डिसेंबर

घरी. सई रजा टाकून आली आहे. माझ्यासमोर हसते आणि स्वयंपाकघरात जाऊन रडते. शेवटी फुटलीच — 'आई, मी मारलंच असतं तुला.' म्हटलं, गोळी डॉक्टरांची, पथ्य तुझं, आणि एकाचं दुसऱ्याला न सांगणारी मी. आणि म्हणे मी डॉक्टर! उगाच सगळं आपल्याकडं ओढू नकोस.

मग तिनं यूट्यूबवर बघून भाकरी थापली. चारही बाजूंनी फाटली. दोघींनी खाल्ली, झुणक्याबरोबर. ती गोळी आता कायमची बंद.

५ डिसेंबर

बिरदेव मेंढरं घेऊन लोणंदच्या बाजूला सरकतोय. जायच्या आधी बयाबाईला भेटवायला आणलं. सईनं तिच्या पायांवर डोकंच ठेवलं. म्हातारी लाजली! मग सई बिरदेवला घेऊन माझी औषधं आणायला गेली. आम्ही दोघीच उरलो.

आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं.

'बयाबाई, मनूचं बोलायचंय.'

तिनं मान माझ्याकडं वळवली. दिसत तर नाही नीट.

'मी तुमचं ऐकलं नाही. मेंढीचा आजार माणसाला होत नाही म्हणाले आणि तुम्हाला परत पाठवलं. तुमची मुलगी माझ्यामुळं गेली.'

तिनं पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली, परत मारली. मग म्हणाली —

'आसं कवा म्हनला तुमी? तुमी म्हनला, मिरजंला मोट्या दवाखान्यात न्या, आजच्या आज न्या. मीच न्हेलं न्हाई. मेंढ्या व्याया लागल्या व्हत्या. म्हनलं, चार दिसांनी जाऊ.'

'नाही हो, मला चांगलं आठवतंय—'

'काय आटवतंय? तवा तुमीच केवड्या व्हता! पंचवीशीची पोर. तुमचं इसरल्यालं आसंल. मी आई हाय तिची, माजं कसं इसरंल?'

मी रडले. सईच्या वयाची असल्यासारखी, हुंदके देऊन. ती नाही रडली. माझ्या डोक्यावरून हात फिरवत बसली आणि मधेच म्हणाली, 'क्यास लय गळाल्यात तुमचं. त्याल लावत जावा.'

६ डिसेंबर

गाढ झोपले! उठले तर उन्हं खिडकीत.

सदतीस वर्षं चुकीचं आठवत होते? असेल. मन काय वाटेल ते रचतं. म्हणजे मी मिरज सांगितलं होतं. सांगायला हवं ते सांगितलं होतं.

आज पहिल्यांदा मनू जिवंत आठवली. एरवी फक्त तो शेवटचा दिवस यायचा. माझा पांढरा कोट घालून दवाखान्याच्या ओट्यावर बसायची, बाह्या हाताच्या पुढं हातभर लोंबत. कोकरांना रांगेत उभं करायची आणि माझी वाईची भाषा काढून दाखवायची — 'जीभ दाखवा पाहू! घाबरायचं नाही हं!' बयाबाई हसून हसून खाली बसायची. मला राग आल्यासारखं करावं लागायचं. 'हं' इतका लांब ओढायची की कोकरं पळून जायची!

हे सगळं कुठं होतं इतकी वर्षं?

११ डिसेंबर

सई पुण्याला गेली. दुपारी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. काढायची नाही असं ठरवलं होतं. १९८७ची रोजनिशी. ४ डिसेंबर. माझंच अक्षर, गोल, कोवळं —

'बयाबाई मुलीला घेऊन आली होती. म्हणे, हिच्याही तोंडाला तो वास. मला हसूच आलं. सांगितलं, मेंढीचा आजार माणसाला होत नाही. मायलेकी उन्हातून परत गेल्या. मग पोहे केले.'

मिरजेचं नाव नाही. पुढच्या पानावर नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

संध्याकाळी बिरदेवला फोन लावला. म्हातारी शेजारीच होती. 'बाई काय म्हंत्यात, आसं इचारतीया.'

म्हटलं, 'आईला सांग, आठवलं. मिरजच म्हणाले होते मी.'