घराला चार हात

तीर्थरूप ताईस, लांबूनच नमस्कार (जवळ आलो तर तुझ्या साडीला डाग पडेल). दाजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, उभं राहण्याचं दुःख काय ते मला विचारा. पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाला आज स्वतःच्या घरात पाठ टेकायला भिंत उरलेली नाही. भिंती आहेत, पण आधी त्या ओल्या होत्या, आणि वाळल्यापासून तुझी भावजय त्यांच्यापुढे पहारा देते. मी खोलीच्या मधोमध, यजमान विसरून गेलेल्या पाहुण्यासारखा उभा असतो.

घर विकायचं ठरलं तेव्हा तू फोनवर एवढंच म्हणाली होतीस, "विका, पण रडकं घर विकू नका. लोकांनी कीव येऊन घेतलं असं नको व्हायला." तो शब्द मी मनावर घेतला आणि आतून-बाहेरून रंग द्यायला रंगारी बोलावला. माणूस मितभाषी. भिंतीवरून नख फिरवलं आणि म्हणाला, दोन हात लागतील. आता मी (जन्मभर कचेरीत लोकांच्या अर्जांतल्या चुका काढलेला तुझा भाऊ) असा हिशोब केला, की दोन हात म्हणजे एक माणूस. एवढं घर, गिऱ्हाईक यायचा दिवस तोंडावर, आणि एकटा माणूस? मी बाणेदारपणे सांगितलं, "दोन हातांनी काय होतंय? चार लावा." तो माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला. ती नजर आदराची होती असा माझा आजही समज आहे.

कामाला मात्र तो एकटाच आला. दोन-तीन दिवस वाट पाहून मी विचारलं, दुसरा कुठाय? म्हणाला, दुसरा चालूच आहे की. मी घराला प्रदक्षिणा घालून आलो, कोणी नव्हतं. शेवटी तुझ्या भावजयीच्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणाली, "अहो, तो रंगाचे हात मोजतोय, तुम्ही माणसाचे." तोवर तिसरा वाळत आला होता. थांबवता आलं असतं, पण दिलेला शब्द मागे घेणं आपल्या घराण्यात नाही (दिलेली छत्रीसुद्धा आपण मागे घेत नाही, मिळतच नाही). चौथा हात मी छाती पुढे काढून देववला.

आणि ताई, काय घर दिसतंय! पोस्टमन दारावरून पुढे निघून गेला. हाक मारून बोलवावा लागला. कट्ट्यावरचे निवृत्त इंजिनियर, ज्यांना कुणाचंच काही आवडत नाही, ते थांबले, बघितलं आणि काही न बोलता गेले. याहून मोठं प्रशस्तिपत्र या गल्लीत नाही. खोट एकच: ऑइलपेंटचे चार थर पोटात गेल्यामुळे दारं आमच्यासारखीच अंगाने सुटली आहेत.

गिऱ्हाईक आलं. नवरा, बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी. मागच्या, म्हणजे तुझ्या खोलीत त्यांना नेलं आणि दार कसं झोकात लागतं ते लावून दाखवलं. ते लागलं. मग उघडेना. बाहेरून दलाल ढकलतोय, आतून आम्ही दोघे पुरुष ओढतोय, आणि भावजय रंगाऱ्याला फोन करतेय. तो येईपर्यंत बघायला भिंतींशिवाय काही नव्हतं, म्हणून सगळ्यांनी भिंती बघितल्या. रंगाऱ्याने फटीतून पाती घालून रंग कापला, दार सुटलं, तरी आतून कोणी उठेना. गिऱ्हाइकाची बायको खिडकीत वारा घेत बसली होती. मुलगी म्हणाली, "ही खोली माझी." आम्ही सांगितला त्या भावात घर गेलं. कीव नाही, ताई. ताठ मानेने गेलं.

दाजींना नमस्कार.

तुझा, अद्याप पूर्ण न वाळलेला,
धाकटा भाऊ

ता. क. कागदांवर तुझीही सही लागते. हे वरच लिहायचं होतं, पण पाच परिच्छेद धीर गोळा करण्यात गेले. ये. किल्ली त्यांच्या हातात तूच दे. माझ्याने व्हायचं नाही.

दुसरा ता. क. भावजयीने पत्र वाचलं. तिच्या मते सौदा ओसरीवरच, तिच्याशी बोलताना पक्का झाला होता. दार लावून मी तो जवळजवळ मोडला. दोन्ही बाजू तुझ्यापुढे असाव्यात म्हणून कळवतो.

तिसरा ता. क. दलालाने सगळं घर ऑफव्हाइट करायला सांगितलं होतं. तुझी खोली सोडून केलं. ती फिकट जांभळी आहे. घर नवं होतं तेव्हा तू तोच रंग मागितला होतास, आणि 'ती काय, लग्न होऊन जाणारच' म्हणून घरभर एकच पिवळा फासला गेला. त्या मुलीने रंग बदलायचा नाही असं बापाकडून कबूल करून घेतलं आहे. पण तिच्या आधी एक रात्र तू तिथे झोप. वास अजून थोडा येतो. खिडकी उघडी ठेवली आहे.