खोली क्रमांकाचा रकाना

प्रिय ताई,

हे पत्र तुझा फोन तुला वाचून दाखवेल. त्या सपाट आवाजातून माझी तगमग कितपत पोचेल, कोण जाणे. परवा तू अंधशाळेतल्या पोरांच्या खोड्या सांगून मला हसवलंस आणि मधेच, मीठ संपत आलंय म्हणावं तशा सुरात, इंजेक्शनची शेवटची बाटली उरलीय म्हणालीस. नवीन मागव म्हटलं, तर राहू दे रे आता, देवाला काळजी. देवावर माझाही भरवसा आहे. रोज सकाळी त्याला हात जोडूनच मी घराबाहेर पडतो. पण मागे औषधात खंड पडला तेव्हा तू दवाखान्यात कशी पडून होतीस, तेही त्याने मला विसरू दिलेलं नाही.

तुझ्या औषधाचा डबा सारखा वाट का चुकतो, ते मला आता कळलंय. जेवणाच्या सुट्टीत मी फोनचा पडदा काळा करतो आणि नुसत्या आवाजावर, आमच्या कंपनीने तुझ्या औषधवाल्यांना बनवून दिलेला तो पत्त्याचा फॉर्म भरतो. ऑफिसातली पोरं मला पत्तेमास्तर म्हणतात. असंच चाललं तर मास्तर, तुमचाच पत्ता कट होईल, असंही म्हणतात. मीही हसतो. होतं असं, की तू देश निवडलास की खालचे रकाने जागा बदलतात. आपल्याकडे आधी खोली, मग इमारत, गल्ली, शहर; तिकडे आधी शहर आणि उतरत उतरत शेवटी इमारत. फोन मात्र साठवलेला पत्ता आपल्याच क्रमाने ओततो, आणि तुझ्या देशासाठी खोली क्रमांकाचा रकानाच लपवलेला असल्याने तो आकडा गडप होतो. डोळस माणसाला निदान दिसतं. तुला आवाज एवढंच सांगतो, पत्ता भरला. मग बर्फात ठेवून पाठवलेला तो डबा खालच्या दारापाशी उन्हात पडून राहतो आणि औषध वाया जातं. आपोआप भरणं बंद करून पाहिलं, तर आवाजाला रकान्यांची नावंच सापडत नाहीत; रकाना, रकाना, रकाना, एवढंच घोकतो. गावी बाबांचं नाव आणि 'शाळेमागे' एवढं लिहिलं तरी पत्र पोचायचं गं.

आमच्या प्रोग्रामर मुलीने आणि मी दुरुस्ती केली. आता प्रत्येक रकाना आपण कोण ते सांगतो, आत काय भरलं तेही वाचून दाखवतो. तुझा पत्ता नीट बसला तेव्हा ती पोरगी टाळ्या वाजवत होती. पण ज्या देशांत पिनकोडच नाहीत, तिथे नवा फॉर्म अडून बसला. साहेबांनी सगळंच थांबवलं. एका बाईसाठी हजारोंच्या ऑर्डरी अडवू का, म्हणाले. वाईट माणूस नाही तो. त्यांच्या जागी मी काय केलं असतं, मला सांगता येत नाही. औषधवाल्यांना फोन करून झाले. पत्ता फॉर्ममधूनच आला पाहिजे म्हणतात. इथून मी भरला, तर परदेशातली मागणी म्हणून रद्द होतो. सगळ्या भिंतींवर डोकं आपटून झालं, ताई.

साहेबांपुढे मी तुझंच म्हणणं मांडलं होतं. लहानपणी मावशी तुझ्या वेण्या घालायची, काकू घास कालवून द्यायची, आणि तू चिडून म्हणायचीस, हात धरणारी माणसं हात सोडत नाहीत. म्हणून तर इतक्या लांब जाऊन एकटीने बिऱ्हाड थाटलंस. आंधळ्या माणसाला स्वतःचा पत्ता लिहायला शेजारी शोधावा लागू नये, असं मी सगळ्यांसमोर बोललो. आवाज चढला होता माझा. अजूनही मला तेच खरं वाटतं.

आणि तरीही आज नेमकं उलटं मागायला हे लिहितोय. समोरच्या दाराची ती बाई, काही मदत करू का म्हणून विचारते आणि तू गोड बोलून जिला उंबऱ्यावरूनच परत पाठवतेस, तिचं दार आज वाजव. फोन तिच्या हातात दे आणि खोलीचा आकडा इमारतीच्या नावापुढे लिहायला सांग. दुरुस्ती मी सोडणार नाही, पण ती तुझी बाटली संपायच्या आत होणार नाही, हे मला ठाऊक आहे. रागाव माझ्यावर, वाटल्यास बोलणं टाक. पण हे वाचून संपलं की लगेच ऊठ ताई, आणि तिचं दार वाजव.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा,
तुझाच
धाकटा