‘क्रीप’ या शब्दाबाबत व्याहीबुवांस खुलासा

अंबड, सोमवार

राजमान्य राधेश्यामराव व्याहीबुवा, मुक्काम शहागड, यांस मच्छिंद्रचा सादर रामराम. आपला गुडघा आता जिना चढू देतो का? विहीणबाईंचा खोकला? इकडे सारं ठीक आहे. (सध्या चहा मीच करतो, म्हणून नुसतं ‘ठीक’ लिहिलं.)

शीतल ‘चार दिवस विसाव्याला आले’ असं आपल्याला म्हणाली असेल. पोर मोठ्या मनाची. खरं कारण मी आहे. माझी रीत आपण पाहिलेली आहे: स्वयंपाकघराच्या दाराशी मोठ्यानं खाकरायचं, मगच आत पाऊल टाकायचं. पण मी खाकरलो की ती हातातलं काम टाकून उभी राहायची, डोक्यावर ओढणी घ्यायची. मला ते पटेना. दहावी नापास असलो तरी मी वाचून वाचून सुधारलेला माणूस (हे आपणही एकदा चारचौघांत कबूल केलं होतं). म्हणून खाकरणं बंद केलं, चपला अंगणात ठेवल्या आणि तिला उठावं लागू नये म्हणून अलगद येऊ-जाऊ लागलो. मागच्या आठवड्यात तिच्या पाठीमागून फडताळातल्या साखरेला हात घातला. ती किंचाळली, आणि दुधाचं पातेलं ओट्यावरून थेट माझ्या पायावर. (दूध उतू जायच्या बेतात होतं, म्हणजे किती तापलेलं ते आपण जाणताच.)

संध्याकाळी ती रामप्रसादला, म्हणजे आपल्या जावयाला, सांगत होती, “मामा लई क्रीपी वागून राह्यलेत. कवा मागं येऊन उभे राहतेत, कळतच न्हाई.” (मी मुद्दाम ऐकत नव्हतो. दाराशीच उभा होतो.)

मी शब्दकोश काढला. मूळ शब्द ‘क्रीप’. अर्थ इतके, की डोकं शिणलं. तान्ह्या लेकराचं रांगणं. ते वय गेलं. वेलीचं भिंतीवर चढणं; माझं वजन पाहता तेही नाही. मांजरासारखं दबकत येणं. हे लागू पडतं, पण हेतू शुद्ध होता. म्हातारपणाचं नकळत जवळ येणं, बिलकुल मान्य. सिमेंटच्या स्लॅबचं भाराखाली वर्षानुवर्षं हळूहळू वाकत जाणं. हे वाचतानाच कंबर दुखू लागली. पुढे लाळघोट्या माणूस. आणि सगळ्यांत खाली, ज्याच्याजवळ उभं राहवत नाही असा किळसवाणा इसम. तिथं मी पुस्तक मिटलं. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

रामप्रसादला विचारलं. “दादा, तिला तसं न्हाई म्हनायचं,” एवढंच म्हणाला. मग कसं म्हणायचं होतं, ते काही सांगेना. दैवशाला, म्हणजे आमचं कुटुंब, मात्र माझ्या पायाला मलम लावता लावता म्हणाली, “सुधरायचंच व्हतं तर ‘बस पोरी, उठू नको’ म्हनायला तोंड न्हवतं का? चोरावानी फिरायची काय गरज?” मी मलमाच्या डबीवरचा मजकूर वाचत बसलो.

तरी बहुतेक अर्थांतून मी निर्दोष सुटतो, हे शीतलला सवडीनं समजावून सांगावं.

आपला,
मच्छिंद्र

ता. क. तिला कधी पाठवता? जल्दी नाही. उद्या पाठवली तरी चालेल. मी अजून लंगडतो, त्यामुळे आल्याचं लांबूनच कळतं.

पुन्हा ता. क. दैवशालानं वरचं सगळं वाचलं. म्हणाली, “एवढं लिव्हलं, पर ‘चुकलो’ कुठंय?” मी पहिल्या ओळीपासून तपासलं. नाही. तर शीतल, बाळ, इथं लिहितो: चुकलो. तुला घाबरवलं. व्याहीबुवा, एवढाच तुकडा तिच्या हाती द्या. बाकीचं पत्र फाडून टाकलं तरी चालेल.