विषय झाला, आता सूत्र सांग

बाई, तुमच्या वर्गात मी उत्तर द्यायला उभी राहिले की तुम्ही हातातला खडू तसाच धरून थांबायचात. माझं वाक्य पुरं होईपर्यंत फळ्याकडे वळायचा नाहीत. आज कुणीतरी तसं थांबायला हवं आहे, म्हणून लिहिते आहे. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. मी अजून उंब्रजमध्येच आहे, सासरच्या घरात, आणि मलकापूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. तासांवर. कायम नाही. हे ऐकून तुम्ही चष्मा काढून पदराला पुसला असतात.

धडा संपला की तुम्ही विचारायचात, "ही गोष्ट काय म्हणते?" एकदा कुणीतरी पटकन म्हणालं, "प्रामाणिकपणा." तुम्ही म्हणालात, "प्रामाणिकपणा काय करतो? बसतो का उठतो? हा विषय झाला. आता सूत्र सांग. वाक्य कर." मग खिडकीकडच्या रांगेने वाक्य करायचं आणि दाराकडच्या रांगेने ते मोडून दाखवायचं. मोडायचं म्हणजे वाद घालायचा नाही, गोष्टीतलीच एक अशी जागा शोधायची की जिथे ते वाक्य टिकत नाही. "प्रामाणिक माणसाला शेवटी फळ मिळतं," असं मी त्या दिवशी ऐटीत म्हणाले आणि दाराकडून आवाज आला, "आवं बाई, पर त्याची म्हस तर मेलीच की! फळ कुटलं?" सगळा वर्ग हसला, तुम्हीही हसलात. मग मला म्हणालात, "मोडलं. दुसरं कर. म्हशीला वगळून चालणार नाही." मी तास संपेपर्यंत उभी होते. आता स्वतः शिकवताना हेच करते, फक्त वेळ पुरत नाही, कारण बोर्डाच्या परीक्षेत सूत्र मोडून दाखवायला मार्क नसतात.

परवा आमच्याकडे बारावीची सराव परीक्षा झाली. प्रश्नपत्रिकेत न वाचलेली एक गोष्ट होती. टँकरने पाणी येणाऱ्या गावातली थोरली बहीण, आई गेल्यावर धाकट्यांना वाढवते, लग्न करत नाही. मध्ये एका परिच्छेदात ती पिशवी घेऊन एसटीच्या पायरीवर एक पाय ठेवते आणि उतरते. का उतरली, ते लेखकाने सांगितलेलं नाही. शेवटी नोकरीला लागलेला भाऊ तिला पाटावर बसवून भारी साडी देतो, चार माणसं कौतुक करतात, आणि ती विचारते, "टँकर आला का?" प्रश्न चार मार्कांचा: कथेची मध्यवर्ती कल्पना लिहा. विभागाने नमुना उत्तर ठरवलं होतं, 'थोरल्या बहिणीचा निःस्वार्थ त्याग.' ते वाचल्यावर पहिल्यांदा मला दिसलं ते त्यात नसलेलं क्रियापद.

जवळजवळ सगळ्या मुलांनी त्यागच लिहिला आहे. एका मुलीने मात्र लिहिलं, "जिला राहतेस का म्हणून कुणी विचारलं नाही, तिच्या राहण्याला घरातले मागाहून त्याग म्हणतात." ती दुष्काळी जतकडची आहे, मामाकडे राहून शिकते. मी लाल पेन खाली ठेवलं आणि उत्तरपत्रिका घेऊन विभागप्रमुखांकडे गेले. सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि म्हणाले, "भारी लिहिलंय पोरीनं. पण मॅडम, आज तुम्ही चार द्याल. बोर्डाला तिनं हेच लिहिलं आन् तिथल्या माणसानं भोपळा दिला, तर तिला काय सांगणार? आमच्या मॅडमना आवडलं होतं म्हणून?" मार्क कापले तर चांगल्या वाक्याला खोटं ठरवायचं, दिले तर तिला त्याच खड्ड्याकडे पाठवायचं. दोन्ही बाजूंनी दार लागलेलं.

म्हणून मी तिला बोलावलं आणि तुमच्या वर्गातल्यासारखं दाराकडच्या रांगेत बसून म्हणाले, "तुझं वाक्य मोडते बघ. कुणी विचारलं नाही हे खरं, पण एसटीतून ती स्वतःच उतरली की. तिला कुणी ओढलं नव्हतं."

"उतरली खरी मॅडम. पर आधी चढली हुती न्हवं? ज्याला त्यागच करायचाय त्यो पायरीवर पाय कशाला ठेवंल?"

तीच पुढे म्हणाली, "चार मार्काचं हाय ना? किती दिलं?"

"चार."

"लय झालं!" ती हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून तिचं हसू ओसरलं. "मग बोर्डाला काय लिहू?"

"त्याग लिही," मी म्हणाले.

"म्हंजे मोडल्यालं वाक्य लिहू?"

"हो."

"बरं," म्हणाली आणि उत्तरपत्रिका माझ्यापुढे नीट सरळ करून ठेवून गेली. तिने चिडायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

बाई, हे सगळं तुम्हाला लिहायचं कारण ती मुलगी नाही, हे एव्हाना तुम्ही ओळखलं असेल. आज रविवार आहे. बाहेर उसाच्या ट्रॉल्या चालल्या आहेत आणि ओसरीवर सासूबाई शेजारणीला सांगताहेत, "आमच्या सुनेनं सांगलीच्या नोकरीवर पाणी सोडलं बघ. लय केलं हिनं आमच्यासाठनं." वर्षानुवर्षं हेच सांगतात, मनापासून सांगतात, आणि मी आत बसून चहा गाळते. पाटावर बसवलेल्या बाईला उठता येत नाही, हे मला आता कळतं. गोष्टीतल्या थोरलीला निदान टँकर होता.

सांगलीच्या कायम नोकरीचं पत्र आलं तेव्हा सासऱ्यांना अर्धांगवायू होऊन फार दिवस झाले नव्हते. मी तुमच्या स्वयंपाकघरात येऊन सांगितलं, "बाई, मी जात नाही." तुम्ही खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटत होतात, हात थांबला नाही. "का?" मी म्हणाले, "जबाबदारी." तुम्ही बत्ता ठेवलात आणि म्हणालात, "हा विषय झाला. वाक्य कर." मला करता आलं नाही. मी रागावले होते, माझं घर म्हणजे काय तुमचा धडा आहे, असं वाटलं होतं. तुम्ही पुढे काही विचारलं नाहीत. निघताना चटणीचा डबा भरून हातात दिलात. "सांगलीला ने. खोलीवर पहिले काही दिवस भाजी करायला जमत नाही." मी जात नाही, हे जसं काही तुम्ही ऐकलंच नव्हतं.

आज मी ते वाक्य केलं. 'मला कुणी जा म्हणालं नाही, म्हणून मी राहिले.' बरं वाटलं. फौजेतून नवरा फोनवर म्हणाला होता, "तुझं तू बघ, माझी ना न्हाई." सासूबाई काहीच बोलल्या नव्हत्या. मग सवयीने मोडायची जागा शोधली आणि ती तुमच्या स्वयंपाकघरात सापडली. तुम्ही जा म्हणाला होतात, डबा भरून म्हणाला होतात. दुसरं केलं, 'मला एकटीने राहायची भीती वाटली आणि घराने त्या भीतीला चांगलं नाव दिलं.' हे खरं आहे, म्हणून जास्त दुखलं. पण सासऱ्यांना कुशीवर वळवायला खरोखरच माणूस लागत होतं. त्या म्हशीला वगळून चालणार नाही.

आणि आणखी एक जागा आहे, ती तुम्हाला कधी सांगितली नाही. चटणी आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ली, असं मी तुम्हाला म्हणाले होते. खाल्ली नव्हती. डबा मी कपाटात साड्यांच्या मागे ठेवला होता, बॅग भरताना हाताशी असावा म्हणून. खवट वास साड्यांना लागला तेव्हा बाहेर काढला. एवढा एक पाय मी पायरीवर ठेवला होता, बाई. तो वाक्यात कुठे बसवायचा, ते मला अजून येत नाही.