मागच्या चाकांची जीप आणि अधिकातले जावईबापू

कासार आंबोली,
अधिक श्रावण, वद्य नवमी

आदरणीय व्याही सुधीरराव यांना रामदास ढमाले यांचा दोन्ही हात जोडून, आणि या खेपेला मान जरा जास्तच खाली घालून, नमस्कार. (मान खाली का, ते पुढं येईल. घाबरू नका, गाडीत होते ते सगळे धडधाकट आहेत.)

तुमचा गुडघा आता कसा आहे? विहीणबाईंची साखर आटोक्यात आली का? मारुंजीच्या तुमच्या खोल्यांमधले ते गिटारवाले भाडेकरू गेले, की अजून गॅलरीत बसून रडगाणी गातात? आमच्याकडं सगळं क्षेम आहे. भातलावणी उरकली, इंद्रायणी तांदळाचं रोप चांगलं उभं राहिलंय, पाऊस पडायचा तेवढा पडतोय. तुम्ही म्हणाल, हा माणूस उठसूट फोन करतो, आज एकदम पत्र कसं? तर सुधीरराव, तुमच्या घरचा फोन कायम स्पीकरवर असतो. मागं एकदा मी तुमच्या धाकट्या मेहुण्याविषयी मनातले चार शब्द बोललो आणि पलीकडून त्याचाच खोकला ऐकू आला. म्हणून पत्र लिहून दुधाच्या टेम्पोवाल्या नथूबरोबर देतोय. तुम्ही एकटे असताना वाचा.

विषय आपल्या ऋषिकेशरावांचा आहे. जावईबापू रुसलेत. गेल्या रविवारी ते आणि पल्लवी भूगावहून आमच्याकडं धोंड्याला आले आणि धोंड्याचा घास न मोडता परत गेले. लग्नानंतरचा पहिला अधिक महिना, सुधीरराव! पुरण भरून धोंडे तयार, पाट मांडलेला, भोवती रांगोळी काढलेली, आणि जावई त्या पाटावर टेकलेसुद्धा नाहीत. पुढच्या आठवड्यात अमावस्या, म्हणजे अधिक संपला, आणि पुन्हा यायला तीन वर्षं. तोवर मी भावकीत काय तोंड दाखवू? काल पिठाच्या गिरणीत एकानं मुद्दाम विचारलं, काय चेअरमन, जावयाला धोंडे गोड लागले का? (सोसायटीचं चेअरमनपद सोडून मला बरीच वर्षं झाली, पण खोचक बोलायचं असलं की लोकांना ते बरोबर आठवतं.) मी हो म्हणालो आणि दळण न घेताच घरी आलो.

आता झालं काय ते पहिल्यापासून सांगतो, म्हणजे दोष कुणाचा ते तुमचं तुम्हालाच कळेल. (माझा नाही.) त्यांची ती बुटकी गाडी आमच्या चिखलातून घरापर्यंत येईना, म्हणून त्यांनी ती पौड रस्त्याच्या फाट्यावर लावली आणि मी जीप घेऊन आणायला गेलो. माझी जीप तुम्हाला माहीत आहेच. लग्नात तुम्ही जिच्यातून देवदर्शनाला गेला होता आणि उतरल्यावर कमरेला हात लावून बराच वेळ उभे होता, तीच. तिचा जोर सगळा मागच्या चाकांवर. हल्लीच्या गाड्यांना पुढची चाकं ओढून नेतात, हिला मागची ढकलतात. त्यामुळं मागं वजन नसलं आणि खाली चिखल असला, की हिचं ढुंगण भरकटतं, पुढचं तोंड एकीकडं आणि मागचा संसार दुसरीकडं. यावर माझा जुना तोडगा आहे. मागं तांदळाची पोती टाकायची आणि पोत्यांशेजारी पल्लवीच्या आईला बसवायचं. मग जीप कशी जमिनीला धरून चालते! लग्न झाल्यापासून ती तिथंच बसते आणि एकदाही तक्रार नाही. असं समजूतदार माणूस मिळायला भाग्य लागतं.

घरी जायच्या आधी जावयाला टेकडीवरच्या देवाला न्यायचं, असा पल्लवीच्या आईचा बेत होता. म्हणून ती तेहतीस अनारशांचं ताट मांडीवर घेऊन मागं बसलेली, शेजारी पल्लवी. पोती मात्र त्या दिवशी नव्हती, कारण जावयाला पोत्यांमधून आणलं असं नको व्हायला. देवदर्शन झालं आणि उतरताना ऋषिकेशराव म्हणाले, मामा, मी चालवू? आता तुम्ही सांगा, अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. नारायणाला नाही कसं म्हणायचं? मी किल्ली दिली. शिवाय त्यांना सगळी माहिती होती. देवळाच्या पायरीवर बसून त्यांनी मला ताटातला अनारसा फिरवून दाखवत समजावलं होतं, की मामा, मागच्या चाकांची गाडी घसरली तर घाबरून ब्रेक मारायचा नाही, ॲक्सिलेटर सोडायचा, आणि मागची बाजू जिकडं जाईल तिकडंच स्टिअरिंग फिरवायचं, पण अलगद, आणि नजर आपल्याला जायचंय त्या रस्त्यावर ठेवायची. मी मान डोलावली. हे सगळं मी तुमचे चिरंजीव जन्मायच्या आधीपासून करतोय, पण जावई समजावत असताना सासऱ्यानं आधीच माहीत आहे असं म्हणू नये, एवढी रीत मला कळते.

तर देवळाखालचं ते उतरतं वळण. ट्रॅक्टरनी शेतातला चिखल आणून रस्त्यावर लिंपलेला, वरून भुरभुर पाऊस. जीप उजवीकडं वळली आणि तिचं शेपूट डावीकडं निघालं. ऋषिकेशरावांचा पाय गेला ब्रेकवर. आता इथं तुम्ही माझी अडचण समजून घ्या. पाय काढा एवढं सांगायला काय लागतं? पण जावयाला, तेही पहिल्या अधिकात, तेही देवदर्शन करून येताना, एकदम पाय काढा असं कसं म्हणायचं? मी म्हणालो, ऋषिकेशराव, आपल्याला राग येणार नसेल तर माझी एक नम्र सूचना होती, की आपला जो उजवा पाय आहे... आणि एवढ्यात आम्हाला समोरच्या काचेतून ज्या देवळातून निघालो होतो ते देऊळ दिसायला लागलं. मनात आलं, आता मेलो. पल्लवीच्या आईची आठवण आली आणि मग लक्षात आलं की ती मागंच आहे.

मला खरं ते सांगितलं पाहिजे, पोरगं गुणाचं आहे. माझं वाक्य पुरं व्हायच्या आतच त्यांनी पाय काढला, स्टिअरिंग डावीकडं घेतलं, शेपूट उजवीकडं आलं तसं उजवीकडं घेतलं, आणि जीप सरळ होत आली. मीही त्या वेळी माझ्या परीनं जे करायचं ते केलं. (ते इथं विस्तारानं लिहीत नाही, स्वतःची स्तुती बरी दिसत नाही.) पण इतक्यात कशामुळं कोण जाणे, शेपूट पुन्हा एकदा जोरात फिरलं. माझा अंदाज असा, की पल्लवीची आई अनारसे धरायला पुढं वाकली आणि मागचं वजन हललं. आणि त्याच क्षणी आमच्या जीपमधून तीन शब्द निघाले, जे कुठल्याही सासुरवाडीतून कुठल्याही जावयाच्या कानावर पडू नयेत. ‘सोड रं गाढवा!’ एवढेच. जबाबदारी सगळी माझी, मी घरचा कर्ता आहे. शब्द निघाले आणि जीप चमत्कार झाल्यासारखी सरळ झाली, कडेला सरकली आणि खाचराच्या बांधाशी मऊ चिखलात मागचं चाक रुतवून उभी राहिली. गाडीवर ओरखडासुद्धा नाही. अनारसे मात्र सगळे खाचरात गेले.

पुढचं सांगताना मला वाईट वाटतं. ऋषिकेशराव खाली उतरले, मागून जीप ढकलली, चाक निघालं, आणि मग एकदम गाडीला पाठ टेकवून उभे राहिले. मी म्हणालो, चला, धोंडे गार होतायत. तर माझ्याकडं तोंड ठेवून, मागं मागं सरकत, म्हणाले, मामा, ऑफिसचं काम निघालंय, नंतर येतो, आणि पल्लवीला घेऊन पायीच फाट्याकडं निघाले. रविवारी कसलं ऑफिस, सुधीरराव? पाठ न दाखवता गेले, म्हणजे बघा, रागातसुद्धा संस्कार सोडले नाहीत. तेव्हापासून मला त्यांचा फोन नाही. मी करावा तर गाढवा या शब्दानंतर राव कसं लावायचं, ते सुचत नाही.

म्हणून तुम्हाला हात जोडतो. तुम्ही वडील आहात, तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. येत्या रविवारी त्यांना समजावून पाठवा. मी नव्यानं पुरण घालायला सांगतो, अनारसे नव्यानं तळायला सांगतो, फाट्यावर स्वतः उभा राहतो. पोरीच्या घराशी माझं बोलणं बंद पडलं तर मला झोप लागायची नाही, आणि आत्ताही लागत नाही. विहीणबाईंना नमस्कार, मेहुण्याला (खोकला बरा असेल तर) आशीर्वाद.

तुमचा, आणि सध्या कुणाचाच नसलेला,
रामदास

ता. क. १ : वर मी शब्द निघाले असं मोघम लिहिलंय. तुमच्यापासून काय लपवायचं? ते माझ्या तोंडून नाही, पल्लवीच्या आईच्या तोंडून निघाले. जी बाई आजवर जावयाशी डोक्यावरचा पदर सावरून, पल्लवीकरवी बोलायची, तिनं एकदम गाढवा! दुसऱ्या कुणाला म्हणाली असेल म्हणावं, तर गाडीत दुसरा पुरुष मीच, आणि मला तिनं जन्मात अरे-तुरे केलेलं नाही. तिला हे कळवू नका, मी सगळं स्वतःवर घेतलंय.

ता. क. २ : रविवारी जीप मीच चालवीन. जावईबापू पुढं माझ्याशेजारी आणि पल्लवीची आई नेहमीसारखी मागं. वजन जिथलं तिथं राहिलं की काही होत नाही.

ता. क. ३ : सुधीरभाऊ, ह्ये मी सगुणा, पल्लवीची आई, लिवतीय. नथूला द्यायला पाकीट माज्याच हातात दिलं, अन त्ये डकवलंबी न्हवतं, म्हनून वाचलं. गाढव मी जावईबापूंना न्हाई म्हनले, यांनाच म्हनले. जावईबापूंनी गाडी चांगली सरळ करत आनली व्हती, तवर ह्यांनी डोळं मिटून मधला हँडब्रेक वढला, दोनी हातांनी. मागची चाकं जाम झाली अन गाडी फिरली. त्योच सोड म्हनले मी. ह्यांनी सोडला, गाडी सरळ झाली. चमत्कार बिमत्कार काय न्हाई. अन जावईबापू रुसलेबी न्हाईत. गाडी ढकलताना त्यांची पँट मागनं उभी टरकली. सासऱ्याम्होरं पाटावर कसं बसायचं म्हनून बिचारं पाठ लपवत गेलं. रोज मला फोन करत्यात, इचारत्यात, मामी, मामा रुसलेत का? अन ह्ये हितं जेवत न्हाईत, भूगावच्या अंगानं गाडी आली की उठून बघत्यात. दोगंबी येडे हायेत.

रविवारी पल्लवी अन जावईबापू येनार हायेत, माजं बोलनं झालंय. धोंडे मी करते. तुमी फकस्त ह्यांना उलट लिवा, की जावई लई रुसलेत, एका अटीवर येतील. अट अशी, की फाट्यापासनं घरापत्तोर जीप जावईबापू चालवतील अन मामी म्होरं बसतील. लगीन झाल्यापासनं मी त्या जीपमंदी मागं पोत्याशेजारी बसलीय, अन रस्ता मी कायम मागं गेलेलाच बघितलाय. एकदा म्होरनं येताना बघायचाय. मागं वजन लागतंयच, तर मागं ह्ये बसतील. ह्यांचं वजन माज्यापरीस लई जास्त हाय.